नक्कल आणि अक्कल

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. तरी आज एका मोटारसायकलवर लिहितोय, कारण आमच्या नववीतला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही आणि शोधत गेलो तेव्हा बसस्थानकामागच्या गॅरेजमध्ये सापडला.

तो एका जुन्या आरएक्स १०० वर काम करत होता. मला बघून उठला, हात पुसले, सलाम केला. शाळेचं विचारलं तर उत्तर त्याच्या उस्तादांनी दिलं, "सर, शिकून काय करणार? इथं हात तरी बसेल." मी गाडीकडे विषय वळवला, तसा पोरगा खुलला. म्हणाला, "सर, या गाडीला भलताच सायलेन्सर लावला की ती पळतच नाही. इंजिनला हात न लावता." असं का होतं? "माहीत नाही सर. असंच असतं."

मलाही माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर जात असतो तेव्हाच ताजं मिश्रण आत येत असतं. त्यातलं थोडं धुराबरोबर निसटतं. सायलेन्सरच्या नळीचा आकार बरोबर असेल तर दाबाची लाट आत आपटून परत येते आणि निसटणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे प्रतिध्वनीसारखाच प्रकार. आणि प्रतिध्वनी नववीच्या विज्ञानात आहे. पोरगा तो धडा येण्याआधीच निघून गेला होता.

वाचता वाचता मी मागे मागे जात १९५५ पर्यंत पोहोचलो. जपानमधल्या हामामात्सुची निप्पॉन गाक्की ही पियानो आणि वाद्यं बनवणारी कंपनी. युद्धात तिच्याकडून विमानाचे पंखे बनवून घेतले गेले. युद्ध संपलं आणि यंत्रं पडून राहिली. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न अध्यक्ष गेनिची कावाकामी यांच्यापुढे होता. त्यांनी मोटारसायकल ठरवली. तेव्हा जपानमध्ये मोटारसायकल बनवणाऱ्या कंपन्यांची आधीच गर्दी होती. यांना तर अनुभव शून्य. म्हणून त्यांनी समोर नमुना ठेवला तो जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ चा. युद्धानंतर या गाडीची नक्कल इंग्लंडने केली, अमेरिकेने केली, रशियानेही केली.

पण हामामात्सुचे लोक नकलेवर थांबले नाहीत. जर्मन गाडीला तीन गिअर होते, यांनी चार दिले. गाडी गिअरमध्ये असतानाही किक मारून चालू होईल अशी सोय केली. दहा हजार किलोमीटर चालवून तपासली. त्या काळी तिथल्या गाड्या बहुतेक काळ्या असत. यांनी तांबूस लाल आणि हस्तिदंती रंग दिला. लोक तिला 'आकातोम्बो' म्हणू लागले, म्हणजे लाल चतुर. यामाहा वायए-१ ती हीच. जुलै १९५५ मध्ये फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत तिने आपल्या गटात पहिला नंबर काढला.

पुढेही प्रश्न विचारणं चालूच राहिलं. पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळण्याची कटकट होती, १९६४ मध्ये त्यासाठी वेगळा पंप आला. आत गेलेलं मिश्रण मागे फिरत होतं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या गाड्यांना पातळ पट्ट्यांची रीड व्हॉल्व्ह बसवली. १९८५ मध्ये भारतात आलेल्या आरएक्स १०० मध्ये हे सगळं शहाणपण उतरलेलं आहे. धूर मात्र त्यांनाही पूर्ण जिंकता आला नाही. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेली.

मराठीत आपण 'नक्कल' आणि 'अक्कल' सहज बोलतो. दोन्ही शब्द अरबी. आपल्या मदरशांच्या परंपरेत ही जोडी जुनी आहे: नक़्ल म्हणजे आधीच्यांकडून जसं आलं तसं घेतलेलं ज्ञान, आणि अक़्ल म्हणजे ते पारखणारी बुद्धी. नक़्ल ही काही शिवी नव्हे. सगळं शिक्षण तिथूनच सुरू होतं. लाज वाटायला हवी ती तिथेच थांबण्याची.

आणि थांबलोय आपण सगळेच. बीएडला असताना मी सीनियरच्या फाइलवरून पाठ टाचणं उतरवून काढली होती. आमचे विद्यार्थी गाइडमधून उत्तरं उतरवतात, आम्ही त्यांना मार्क देतो. गॅरेजमधला पोरगा निदान कार्बोरेटर तरी खरा उघडतो. म्हणून "शिकून काय करणार" या वाक्यावर मला चटकन रागावता आलं नाही. त्यात आमच्या शाळेवरचा एक रास्त आरोप आहे.

पण उत्तर म्हणून पोराला शाळेतून काढणं मला मान्य नाही. आज त्याचा हात टू-स्ट्रोकवर बसतोय, आणि ती गाडी बंद होऊन वर्षं झाली. उद्या त्याच्यासमोर बॅटरीची स्कूटर उभी राहील तेव्हा "असंच असतं" कामाला येणार नाही. ज्याला कारण कळतं तो नवी गाडी उघडतो. ज्याला कळत नाही तो दुसऱ्याला पाने देत उभा राहतो, चाळिशीतही.

आपल्या मोहल्ल्यांत ही पोरं कमी नाहीत. घरची अडचण खरी असते, ती भाषणाने सुटत नाही. म्हणून माझं मागणं लहान आहे. उस्तादांनो, पोराला सकाळी शाळेत येऊ द्या, दुपारनंतर तुमच्याकडे ठेवा. आणि शिक्षकांनो, प्रतिध्वनीचा धडा घ्याल त्या दिवशी एखादा जुना सायलेन्सर वर्गात आणा, जमलं तर उस्तादांनाही बोलवा. आपल्याकडे शिक्षकालाही उस्ताद म्हणतात आणि मिस्त्रीलाही. या दोन उस्तादांनी एकमेकांशी बोलायला काय हरकत आहे?

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गॅरेजवर जाणार आहे. या वेळी विज्ञानाचं पुस्तक बरोबर नेईन.