निपाणीच्या वखारी : वारसा कोणाचा?

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, राजवाडे, देवालये उभी राहतात. वखार काही उभी राहत नाही. आमच्या मासवण-पालघर भागातील वाचकाला वखार म्हटली की गवताचीच आठवते. डोंगरउतारावरचे गवत तेथे दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. १९४५ च्या वारली उठावात पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची मागणी होती. त्या अडीच रुपयांचा इतिहास आपण वाचतो. ते गवत ज्या छपराखाली जाऊन पडे, त्याकडे मात्र पाहत नाही.

हीच उपेक्षा निपाणीच्या तंबाखू-वखारींच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच. सीमाभागातील हे मराठी गाव बिडीच्या तंबाखूवर वाढले. वखारीचे शिल्प पाहावयाचे ते कमानी आणि नक्षी यांत नव्हे, तर तिच्या गरजांत. वाळलेले पान येथे चुरले जाते, काडी वेगळी होते, चाळण होते, निरनिराळ्या प्रतींचे मिश्रण होते. वारा मोकळा खेळला तर माल उडतो, ओल शिरली तर नासतो. म्हणून छप्पर उंच आणि झरोके थोडे. मालाला मानवणारी ही बंदिस्त हवा माणसाला मानवते की नाही, हा प्रश्न बांधणाऱ्याला पडला नसावा. ती धूळ वर्षानुवर्षे छातीत घेतली ती चाळणीवर बसलेल्या स्त्रियांनी.

या वास्तूचा दुसरा शिल्पकार म्हणजे सरकारी तिजोरी. १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. कर भरेपर्यंत माल परवान्याच्या वखारीत, कुलपाआड आणि नोंदवहीत बंदिस्त राहू लागला. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये उठला. पण मधल्या छत्तीस वर्षांत भक्कम भिंत ही केवळ चोरापासून बचावाची सोय राहिली नव्हती, ती कायद्याची गरज झाली होती. करपद्धती वीटकामात उतरलेली पाहावयाची असेल, तर विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तक मिटून अशा वखारीत एक दुपार घालवावी.

आणि भाव? ज्याच्याजवळ साठवणीची जागा, त्याला थांबता येते. ज्याला थांबता येते, तो भाव ठरवतो. लहान शेतकऱ्यापाशी ना वखार, ना थांबण्याची ऐपत. माल व्यापाऱ्याच्या दारात गेला की सौदा निम्मा हरलेलाच. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, त्यामागे हे साधे अर्थशास्त्र होते. ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांपैकी अनेकांचे प्राण गेले. त्याच सुमारास वखारींतील स्त्रिया प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही काढला. एकाच भिंतीच्या आत मजुरीचा लढा आणि बाहेर भावाचा.

आक्षेप येईल की तंबाखूसारख्या घातक मालाचे स्मारक कशाला? आक्षेप पोकळ नाही. परंतु स्पेनमधील सेव्हिल येथे अठराव्या शतकातील शाही तंबाखू-कारखान्यात आज विद्यापीठ भरते आणि ग्रीसमधील कवाला या बंदरात तंबाखूचे संग्रहालय आहे. तेवढ्याने तेथे कोणी तंबाखूचा गौरव झाला असे मानीत नाही. उलट, गावातील जमिनीचा भाव चढला की प्रशस्त जागा अडवून बसलेली वखार बिल्डरच्या नजरेत प्रथम भरते, आणि तिच्याबरोबर मजुरांची साक्षही जाते.

सगळ्याच वखारी राखा, असे सांगण्याइतका प्रस्तुत लेखक भाबडा नाही. मालकाचा तोटा कोणी भरून द्यायचा, हे ठरल्याशिवाय जतनाची भाषा फुकाची आहे. पण निदान एक वखार नगरपालिकेने रास्त मोबदला देऊन घ्यावी, आणि तीही दर्शनी भाग रंगवून आत हॉटेल थाटण्यासाठी नव्हे. वजनकाटा, चाळणीची जागा, नोंदवह्या जशाच्या तशा राहाव्यात. तोवर आसपासच्या महाविद्यालयांनी उरलेल्या वखारींचे नकाशे काढावेत आणि तेथे राबलेल्या वृद्ध स्त्रियांची कथने टिपून घ्यावीत. या दुसऱ्या कामाला ना मोबदला लागतो, ना सरकारी ठराव. येत्या दिवाळीच्या सुटीतही ते सुरू करता येईल.