विश्लेषण : दहापैकी नऊ प्रौढांच्या हिरड्या आजारी, मग उपचार कोणते हवेत?

देशातील ३५ ते ४४ वयोगटातील ८९.६ टक्के लोकांना हिरड्यांचा विकार आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणातील हा आकडा आजही वारंवार दिला जातो. पण तो मोजला कसा, हे क्वचितच सांगितले जाते.

मोजणी कशी होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तोंडाचे सहा भाग पाडतात. टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच फिरवतात. रक्त आले तर १, कीटण लागले तर २, फट ४-५ मिलिमीटर खोल असेल तर ३ आणि ६ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर ४ अशी नोंद होते. पहिल्या गटाला दात नीट घासायला शिकवणे पुरते. दुसऱ्या-तिसऱ्याला स्केलिंग, म्हणजे कीटण काढणे लागते. मुळांची खोल सफाई किंवा शस्त्रक्रिया लागते ती चौथ्या गटाला. म्हणजे या ८९.६ टक्क्यांत नुसते कीटण साचलेलेही आले. आकडा भीतीदायक असला तरी त्यातली बरीचशी गरज साधी आहे.

ज्येष्ठांमध्ये प्रमाण कमी का?

६५ ते ७४ वयोगटात हेच प्रमाण ७९.९ टक्के आहे. ही सुधारणा समजू नये. हललेले दात तोवर पडलेले किंवा काढलेले असतात आणि दातच नसलेला भाग मोजणीत येत नाही.

मग अडते कुठे?

हा आजार बहुधा दुखत नाही. तंबाखू, मिश्रीमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त येण्याची खूणही झाकली जाते. त्यात ‘स्केलिंगने दात हलतात’ हा समज. प्रत्यक्षात कीटणाने धरून ठेवलेला, आधीच सैल झालेला दात कीटण निघाल्यावर जाणवतो, इतकेच.

खर्च बहुतेकदा खिशातूनच होतो. दवाखान्यातले नेहमीचे दंतोपचार बहुतांश विमा पॉलिसींत बसत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतचिकित्सक सहसा नसतो. स्केलिंगला शस्त्रक्रियागृह लागत नाही, तरी गावातल्या माणसाला त्यासाठी तालुका गाठावा लागतो.

मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. त्यामुळे मधुमेहींच्या तपासणीत डोळे आणि पाय पाहिले जातात, तसे तोंडही उघडून पाहायला हवे. त्यासाठी सुरुवातीला एक टॉर्च आणि दोन मिनिटे पुरतात.