तिकीट काढून पाहिलेला मावळ

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मावळ तालुका ओलांडून देहूला जाते, तिथून आळंदीला, आणि तुळापूरला भीमेला मिळते. या तिन्ही गावांशी जोडलेल्या कथा 2025 या एकाच वर्षात पडद्यावर आल्या. 14 फेब्रुवारीला लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’ लागला, 18 एप्रिलला दिग्पाल लांजेकर यांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ आणि 18 जुलैला आदित्य ओम यांचा हिंदी ‘संत तुकाराम’. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातला, शुक्रवारी नवे काय लागले ते पाहून स्वतःच्या खिशातून तिकीट काढणारा जो नेहमीचा प्रेक्षक आहे, त्याचे मत या वर्षाबद्दल विशेष ऐकण्याजोगे ठरते. समीक्षक पहिला खेळ पाहून लिहून मोकळा होतो. हा प्रेक्षक रविवारपर्यंत थांबतो, लोकलमध्ये आणि टपरीवर काय बोलले जाते ते ऐकतो, मग जातो. शिवाय पडद्यावरचा मुलूख बऱ्याचदा त्याच्या पायाखालचा असतो, त्यामुळे त्याला फसवणे कठीण जाते.

‘छावा’बद्दल या भागात दोन मते नव्हती असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. थिएटरमध्ये घोषणा झाल्या, बाहेर पडताना डोळे पुसणारी माणसे सर्वांनी पाहिली. विकी कौशलने भूमिकेसाठी शरीर पणाला लावले आहे, आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब फार न बोलता पडदा व्यापतो. कवी कलशाच्या भूमिकेतला विनीत कुमार सिंह अनेकांना सर्वांत जास्त आवडला. छळाच्या प्रसंगात राजा आणि कवी एकमेकांना शब्दांनी धीर देतात तिथे चित्रपट उंची गाठतो. तक्रार वेगळी आहे. बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून संगमेश्वरच्या कैदेपर्यंत लढाईमागून लढाई येते, आणि जवळजवळ नऊ वर्षे राज्य चालवणारा, ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा संभाजी त्या धुराळ्यात दिसेनासा होतो. शिवाजी सावंत यांच्या ज्या कादंबरीवर चित्रपट आधारला आहे तिच्या वाचकाला हे जास्त जाणवते. ट्रेलरमधल्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. वास्तविक राजाला नाचताना पाहून कुणाचे फारसे बिघडले नसते. राजाला कारभार करताना पाहायला मिळाले नाही, हे नुकसान मोठे आहे. ए. आर. रहमान यांचे संगीत मोठे आहे, पण ते या मातीतले वाटत नाही, ही कुरकुर तर मध्यंतरातच सुरू झाली होती.

संतपटांचे गणित निराळे आहे. तिथे प्रेक्षक आधीच अर्धा जिंकलेला असतो, कारण तो वारीला गेलेला असतो किंवा त्याच्या घरातले कुणीतरी गेलेले असते. ‘मुक्ताई’मध्ये भावंडांचे नाते जिथे साधेपणाने येते तिथे तो भरून पावतो, चमत्कार संगणकावर रंगवले जातात तिथे मागे रेलतो. हिंदी ‘संत तुकारामा’त सुबोध भावे यांनी मनापासून काम केले असले, तरी भंडारा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तुकोबा हिंदीत ऐकताना अंतर जाणवते. आणि या विषयावरच्या प्रत्येक चित्रपटाची गाठ दामले-फत्तेलाल यांच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’शी पडतेच. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या त्या चित्रपटाचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम सर्वांना आठवतो, पण चित्रपट जमिनीवर ठेवला तो गौरी यांच्या जिजाईने. म्हशीशी बोलणारी, देवाशी भांडणारी, घरात धान्य नाही म्हणून नवऱ्यावर संतापणारी ती बाई इंद्रायणीकाठच्या कुठल्याही गावात सापडेल. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटात विमान आकाशात जाते, तेव्हाही ती खाली संसारातच असते. नंतरच्या संतपटांत भक्ती वाढली आणि संसार कमी झाला.

हाच उणेपणा शिवकालीन चित्रपटांत मावळच्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त खटकतो. लांजेकरांच्या ‘फर्जंद’पासून (2018) ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ अशी मालिका उभी राहिली. तिने मराठी प्रेक्षकाला, विशेषतः शाळकरी पोरांना, पुन्हा थिएटरात आणले, हे श्रेय निर्विवाद आहे. ‘पावनखिंड’ला गावेच्या गावे गाड्या करून गेली. पण या चित्रपटांतला मावळा फक्त तलवार धरतो. तो चिखलणी कधी करतो, त्याचे खाचर कुठे आहे, तो मोहिमेवर गेल्यावर घरात लावणीला कोण उतरते, याचा पत्ता लागत नाही. शेतकरी आणि शिपाई ही एकाच माणसाची दोन कामे होती, यावर स्वराज्याची सगळी व्यवस्था उभी होती, आणि हंगाम पाहून मोहिमा आखल्या जात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले या बाबतीत अधिक शहाणी म्हणायची: ती माथ्यावर महाराजांना बसवतात, पण उतारावर अळीव पेरतात, पायथ्याला विहीर खणतात, शेतकरी आणि बैलजोडी मांडतात. पडद्यावरच्या किल्ल्याला पायथाच नसतो.

किल्ल्यांचेही तसेच. ‘तान्हाजी’मध्ये (2020) कोंढाण्याचा कडा असा काही आकाशात गेला आहे की रविवारी सहज गड चढणाऱ्या माणसाला हसू आवरत नाही. अजय देवगण आणि सैफ अली खान यांची जुगलबंदी मात्र तोच माणूस दोनदा पाहतो. करमणूक आणि भूगोल या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे त्याला कळते. मराठी चित्रपटांचे बजेट लहान, त्यामुळे तिथे रात्रीचे प्रसंग, मशाली आणि मागे रंगवलेला सह्याद्री यांवर भागवले जाते. पावसाबद्दल तर बोलायलाच नको. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथल्या माणसाला पाइपातून सोडलेला पाऊस पहिल्या थेंबाला ओळखू येतो: तो सरळ पडतो, त्याला वारा नसतो, धुके नसते, आणि माणसे भिजून काकडत नाहीत. या परीक्षेत उत्तीर्ण झालेला ठळक चित्रपट ‘तुंबाड’ (2018). राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसाची वाट पाहत अनेक पावसाळे चित्रण केले. पहिल्या प्रदर्शनात माफक चाललेला तो चित्रपट सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि आधीपेक्षा जास्त कमावून गेला. घाटमाथ्यावरच्या प्रेक्षकाला त्याचे नवल वाटले नाही.

विषयांच्या निवडीतही एक साचा बसून गेला आहे. कोंढाण्यावर चार वर्षांत दोन मोठे चित्रपट आले. पुरंदरच्या तहात दिलेला लोहगड 1670 मध्येच परत स्वराज्यात आला, आणि 11 जुलै 2025 रोजी तो इतर अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. पडद्यावर मात्र त्याला जागा नाही. 2 फेब्रुवारी 1661 ला मुघल सरदार कारतलबखानाची फौज लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरत असताना उंबरखिंडीत कोंडली गेली आणि शरण आली. फौजेबरोबर रायबाघन ही सरदारीण होती, आणि शरण जाण्याचा सल्ला तिने दिल्याचे सांगतात. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रान, समोरच्या सैन्यात मुत्सद्दी बाई, शेवटी वाटाघाटी: पटकथाकाराला याहून काय हवे? अडचण एवढीच असावी की या लढाईत नायक मरत नाही. तळेगावच्या उमाबाई दाभाडे यांची गोष्टही अशीच पडून आहे. 1731 मध्ये डभोईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध मुलगा त्रिंबकराव पडल्यावर सेनापतीपदाचा कारभार त्यांच्याकडे आला. ‘बाजीराव मस्तानी’ने (2015) शनिवारवाडा देशभर पोहोचवला, तळेगावचा वाडा अजून पडद्याबाहेरच आहे. आणि 1998 च्या ‘गुलाम’मधल्या गाण्याने खंडाळ्याला जे दिले ते सुट्टीच्या दिवशी घाटात अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत मोजता येते.

मावळच्या आजच्या जगण्याला सर्वांत जवळून भिडलेला चित्रपट शेजारच्या तालुक्याच्या नावाचा आहे. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (2018) जमीन विकून बसलेल्या घराची आणि त्यातून गुन्हेगारीत उतरलेल्या पोराची गोष्ट सांगतो. द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत, धरणे, फार्महाउस यांनी मावळातही जमिनीचे व्यवहार झाले, आणि अचानक आलेला पैसा गाडी, बैलगाडा शर्यत आणि लग्न यांत कसा जातो हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. चित्रपट रांगडा आहे, गुंडगिरीचे थोडे आकर्षणही त्यात शिल्लक राहते, आणि पोरांनी त्यातले संवाद नको तितके उचलले. तरी मुळाशी जमीन आहे याचा त्याला विसर पडत नाही. त्यावरून हिंदीत झालेल्या ‘अंतिम’मध्ये (2021) पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत सलमान खान आला, त्यामुळे केंद्र सरकले आणि शेतकरी बाप मागे पडला. 12 सप्टेंबर 2025 ला लागलेल्या सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतारा’त तोच प्रश्न कोकणाच्या संदर्भात आला आहे. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर यात दशावतारी नट झाले आहेत, आणि त्यांना पाहणे हेच तिकिटाचे मोल आहे. पूर्वार्ध बापलेकाच्या नात्यात आणि राना-देवळात रमतो, तो उत्तम. उत्तरार्धात खाणीच्या प्रश्नाला सूडकथेचे उत्तर मिळते, ते टाळ्या घेणारे असले तरी सोयीचे आहे. खाणवाले आणि जमीनवाले खऱ्या आयुष्यात अवतार पाहून पळत नाहीत. त्यांच्याशी तलाठी कचेरीत आणि कोर्टात गाठ पडते.

2025 मधले सर्वांत चांगले चित्रपट मात्र गाजावाजाविना आले. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये (7 मार्च) विदर्भातल्या खेड्यात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हापुन्हा होतो. तेच प्रश्न, तेच पाहुणे, तीच उंची विचारणे; बाहेर कापसाला भाव नाही. अभिनय शिकून न आलेली माणसे इतकी खरी वाटतात की प्रेक्षकाला आपणही कधीतरी त्या सतरंजीवर बसलो होतो हे आठवून अवघडल्यासारखे होते. शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’ (1 मे) मुंबई महापालिकेच्या कामगारांना रात्रशाळेतून दहावीच्या परीक्षेला बसवतो. शेवट कुणालाही आधी सांगता येईल असा आहे, आणि तरीही तो गोड लागतो. ‘जारण’ने अमृता सुभाष यांच्या बळावर भीती धरून ठेवली. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला आणि 19 सप्टेंबरला इथे लागला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र यांची ही प्रेमकथा आहे. कॅमेरा घाई करत नाही, नातेवाइकांच्या लग्नाच्या चौकशा चालूच राहतात, आई सगळे जाणून असते. ‘असल्या’ विषयाचा म्हणून काहींनी तो टाळला. जे गेले त्यांना सुतकातले घर इतके नेमके पूर्वी कुठे पाहिल्याचे आठवले नाही. ऐतिहासिक चित्रपटांतून गहाळ झालेला पायथा या छोट्या चित्रपटांनी सांभाळला आहे.

पण ते पाहायला मिळणे हाच एक उद्योग आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावा असे राज्य सरकारने एप्रिल 2015 मध्ये ठरवले. ती वेळ पुढे दुपारी 12 ते रात्री 9 अशी ताणली गेली. त्यामुळे दुपारी बाराचा खेळ लावला तरी नियम पाळला जातो. कामावर जाणाऱ्याला तो कसा पाहता यावा, हे कुणी विचारत नाही. 18 जुलै 2025 ला ‘सैयारा’ आणि ‘येरे येरे पैसा 3’ एकाच दिवशी आले, पहिल्याची लाट उसळली आणि दुसऱ्याचे खेळ कमी झाल्यावरून वाद पेटला. छोट्या चित्रपटांबाबत वादही होत नाही. दुसऱ्या शुक्रवारी ते यादीत नसतात. रविवारपर्यंत थांबून, मत ऐकून जाणाऱ्या प्रेक्षकाची सवयच इथे त्याच्या आड येते.

मावळाला अंतराचा भुर्दंड वेगळा. मोठ्या पडद्यांची रेलचेल पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात आहे. 1978 पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल हीच इथल्या प्रेक्षकाची खरी सोय, आणि तिच्या वेळापत्रकावर कोणता खेळ पाहायचा हे ठरते. रात्रीच्या खेळाचा शेवट आणि परतीची गाडी यांचा मेळ बसला नाही तर स्वतःची दुचाकी किंवा जुन्या महामार्गावर मिळेल ते वाहन. चौघांच्या कुटुंबाचे तिकीट, प्रवास आणि मध्यंतरातले खाणे धरले की महिन्यात एकच चित्रपट परवडतो, आणि मग निवड आपोआप ‘छावा’सारख्या मोठ्या नावाची होते, ‘स्थळ’ मोबाइलवर येण्याची वाट पाहिली जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर तो 18 टक्केच आहे. सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळच्या वेळी, शंभराच्या आतले तिकीट शोधणाऱ्याला या सवलतीचा उपयोग फारसा होणार नाही.