कमरेचं पिस्तूल आणि चेंबरमधली गोळी

भात झोडून घरात आलं, वाल टाकून झाले. दोन दिवस हात मोकळे आहेत म्हणून आज पिकाचं सोडून आपल्या पट्ट्यातल्या दुसऱ्याच गोष्टीचं लिहितो. कृषी खात्यातल्या साहेबांनी आजच्यापुरतं सांभाळून घ्यावं.

मागच्या आठवड्यात मोजणीवरून बांधावर बोलाचाली झाली. समोर कोण, तर आमचाच चुलतभाऊ. माझा पुतण्या माझ्या बाजूला उभा होता. आवाज चढले आणि पोराचा हात शर्टाखाली कमरेला गेला. मी मनगट धरलं म्हणून तेवढ्यावर भागलं. घरी आल्यावर विचारलं तेव्हा कळलं, नुसती मॅगझीन भरलेली नव्हती, चेंबरमध्येही गोळी चढवलेली होती. रात्रभर झोप नाही मला.

ज्यांनी कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्तुलात मॅगझीन घातली म्हणजे लगेच गोळी सुटते असं नाही. वरची स्लाइड मागे ओढून सोडावी लागते, मग पहिली गोळी चेंबरमध्ये चढते. एकदा चढली की बोट दाबायचंच काय ते बाकी. आणि मॅगझीन काढली तरी चेंबरमधली आतच राहते, इथेच भलेभले फसतात.

पुतण्याचं म्हणणं असं : "काका, समोरचा चॉपर घेऊन आला तर स्लाइड ओढायला टाइम नाय भेटत. एक हात त्याने धरला तर काय करू?" बोलणं अगदीच खोटं नाही. अमेरिकेतले पोलीस गोळी चढवूनच फिरतात. पण त्यांना सराव असतो, ट्रिगर झाकणारं चांगलं होल्स्टर असतं. आमचा पोरगा पँटीत खोचून मोटरसायकलवर फिरतो. उलट इस्रायलमध्ये चेंबर रिकामं ठेवून बाळगायची रीत जुनी, इतकी की जगभर त्या पद्धतीला इस्रायलचंच नाव पडलंय. तिथे काय धोका कमी आहे?

खरा प्रश्न हा की आपल्याकडे बंदूक निघते कुणावर? उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं आठवा. २ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. द्वारलीच्या जमिनीचा वाद, दोन्ही बाजू वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये बसलेल्या, आणि तिथे कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाडांवर गोळ्या झाडल्या. महेश गायकवाड आणि त्यांच्यासोबतचा एक जण जखमी झाले, दोघेही वाचले. सीसीटीव्हीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कोण दोषी ते कोर्ट बघेल. मला दिसतं ते एवढंच : जागा पोलीस ठाण्याची, वाद जमिनीचा, माणसं ओळखीची, आणि आडवं पडायलाही कुणाला वेळ मिळाला नाही. दरोडेखोर कुठे होता तिथे?

दुसरं आपल्या बदलापूरच्या प्रकरणातलं. शाळेतल्या त्या भयंकर गुन्ह्यातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. दोनच दिवसांनी हायकोर्टाने विचारलं, पिस्तूल लॉक नव्हतं का, सराव नसलेल्याला ते चालवता कसं आलं, स्लाइड ओढायला ताकद लागते. त्या प्रकरणात खरं काय, त्यात मी पडत नाही. पण न्यायाधीशांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. झटापटीत तुमचं हत्यार दुसऱ्याच्या हाती गेलं तर चेंबर रिकामं असणं हेच तुमचं शेवटचं कुंपण. चढवलेली गोळी कुणाचं बोट आहे ते विचारत नाही.

रिव्हॉल्व्हरवाल्यांनीही हसू नये. त्याला स्लाइड नसते, घरं फिरतात. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, जुहूच्या घरात. जुनी माणसं घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायची ती उगाच नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांत आहे की सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. झाकायचं सगळ्यांना जमतं. ताब्याचं काय? बांधावर पुतण्याचा स्वतःवरच ताबा नव्हता. आपण कोयतासुद्धा आकडीत अडकवून नेतो, उगारायचा तर आधी काढावा लागतो. स्लाइड ओढायला एक-दीड सेकंद लागतो म्हणतात. तो वाया जात नाही. भाऊबंदकीच्या भांडणात काकाला मनगट धरायला तेवढाच वेळ मिळतो.

माझ्याकडे डुकरांसाठी वडिलांपासूनची परवान्याची एकनळी आहे, म्हणून मी काही बंदुकीचा वैरी नाही. पण गोळी शेतावर गेल्यावर भरायची आणि घरी येताना नळी रिकामी, हे वडिलांनी कान धरून शिकवलं. पुतण्याला तसं कुणी शिकवलं नाही, त्यात चूक माझीही आहे. जमिनीचे पैसे आले, धमकीचे फोन आले, त्याने परवाना काढला, आणि आम्ही सगळे पेढे खात बसलो.

काल संध्याकाळी तो वालाचं उरलेलं बियाणं परत द्यायला आला. खळ्यावरच उभं करून आधी मॅगझीन काढायला लावली, मग स्लाइड ओढायला. गोळी खाली पडली, त्याने उचलून खिशात घातली. तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

पुढच्या बुधवारी मोजणीवाले परत यायचेत. पिस्तूल घरी कपाटात ठेवून ये असं सांगितलंय, आणि किल्ली त्याच्या आईकडे.