मत गावात, मजुरी चाकणमध्ये. मग पक्षात जायचे की बाहेर राहायचे?



निवडणूक जवळ आली की प्रत्येक जिल्हा बैठकीत एकच प्रश्न निघतो. डाव्या विचाराच्या कार्यकर्त्यांनी मोठ्या पक्षांत शिरून काम करावे, की बाहेर राहून लढावे? आत जा म्हणणारे सांगतात, आमदार आपला नसेल तर मंत्रालयात फाईल हलत नाही. बाहेर राहा म्हणणारे सांगतात, आत गेलेला माणूस परत येत नाही. दोघांचेही बोलणे अनुभवाचे आहे. म्हणून हा प्रश्न घोषणांनी न सोडवता हिशेबाने सोडवला पाहिजे.

आधी जुने खाते उघडू. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ काढला. पक्षात राहून पक्षाला शेतकऱ्याकडे वळवू, असा विचार होता. तो साधला नाही. १९४८ मध्ये ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. १९५० मध्ये दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद स्वीकारला. पण १९५४ मध्ये खुद्द जेधेच काँग्रेसमध्ये परतले, पुढे मोरेही गेले. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी एकत्र आले तेव्हा १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फुटला. १९६० मध्ये राज्य मिळाले, समिती विस्कटली, आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण केले. बेरीज त्यांची झाली, वजाबाकी आपली.

याचा अर्थ निवडणूक लढवूच नये असा नाही. सांगोल्यासारख्या कोरडवाहू तालुक्यातून गणपतराव देशमुख शेकापच्या झेंड्याखाली ११ वेळा निवडून आले. पक्ष लहान होता, पण तालुक्यात संघटना जिवंत होती. आमदारकी संघटनेच्या जोरावर उभी होती. आमदारकीच्या जोरावर संघटना नव्हती. फरक इथेच आहे.

आता जमेची बाजू पाहू. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी कामासाठी आणि मजुरीसाठी मोर्चे काढले, संप केले. त्यामागे लाल निशाण, शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी होते. सत्तेबाहेरून हा रेटा होता, आणि सत्तेच्या आत वि. स. पागे यांच्यासारखा माणूस रोजगार हमीची मांडणी करत होता. १९७७ मध्ये कायदा झाला. पैसा कुठून आला हेही लक्षात ठेवा. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. पिंपरीतल्या कामगाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर कोरडवाहू शेतमजुराला काम मिळाले. शेतकरी-कामगार एकी पक्षाच्या नावात होतीच, पण ती खरी उतरली ती या कायद्यात. आत लेखणी होती, बाहेर रेटा होता. रेटा आत गेला असता तर लेखणी चालली नसती.

याच पट्ट्यातला दुसरा दाखला कडू आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीची सत्ता होती. शिवसेना-भाजप शेतकऱ्यांच्या बाजूने उभे होते. योजनेला स्थगिती मिळाली. ती उठली २०२३ मध्ये, आणि उठवणाऱ्या सरकारात २०११ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूला असलेले पक्षही होते आणि तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांपैकीही होते. झेंडे बदलले, पाइपची दिशा बदलली नाही. शहराला पाणी लागते हे आम्हाला मान्य आहे, तिथे आपलीच पोरे राहतात. पण ज्याच्या उशाला धरण आहे त्याला विचारणार कोण?

आता मुद्द्याचे बोलू. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कापूस-ज्वारीच्या घरातला मुलगा आज चाकणला आहे. कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी इथल्या खोल्यांत चौघे-पाच जण मिळून राहतात. कोणी कंत्राटी, कोणी शिकाऊ. त्याचे मतदार यादीतले नाव बहुधा गावाकडे, हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. गावचा आमदार म्हणतो, चाकणच्या मजुरीचा प्रश्न माझ्या मतदारसंघाचा नाही. खेडचा, भोसरीचा आमदार म्हणतो, याचे मत इथे नाही. एका घराचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकड्यांचा वाली कोणी नाही. पक्षाचे गणित मतदारसंघाने चालते. त्या गणितात हे घर बसतच नाही. ते बसवायचे तर मतदारसंघाच्या बाहेरची संघटनाच लागेल.

आणि तिकडे कापसाचे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, ते डिसेंबरअखेरपर्यंत चालवले. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळेला बाहेरच्या कापसाला वाट मोकळी. ज्याचे तिकीट वरून येते तो अशा निर्णयाविरुद्ध रस्त्यावर बसू शकत नाही. त्याची इच्छा असली तरी बसू शकत नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून रानातले उदाहरण देतो. ज्वारीत टारफुला वर दिसतो तेव्हा त्याने खाली मुळांतला रस ओढायला केव्हाच सुरुवात केलेली असते. उमेदवारीचा मोह तसाच आहे. कार्यकर्ता पक्षात गेल्याची बातमी छापून येते, त्याच्या आधी वर्षभर त्याने गावातल्या बैठका सोडलेल्या असतात. टारफुला फुलावर येण्याआधी उपटावा लागतो. नियमही तसेच आधी करावे लागतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मत द्या, उमेदवारही उभा करा, प्रसंगी पाठिंबाही द्या. पण संघटना कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधू नका. या बैठकीत चार ठराव व्हावेत:

१) संघटनेचा पदाधिकारी पक्षाचे पद घेणार नाही. निवडणूक लढवायची तर आधी संघटनेचे पद सोडावे.

२) पाठिंबा एका निवडणुकीपुरता, लेखी मागण्यांवर. सहा महिन्यांनी जाहीर सभेत त्याचा हिशेब मागायचा.

३) संघटना सभासदांच्या वर्गणीवर चालेल. पुढाऱ्याची गाडी आणि पुढाऱ्याचा मंडप घ्यायचा नाही.

४) प्रत्येक गावाने चाकण-पिंपरीत कामाला गेलेल्या मुलांची यादी करावी आणि तिथे त्यांची समिती उभी करावी. कापसाच्या भावाच्या मोर्चाला तिने यावे, कंत्राटी मजुरीच्या लढ्याला गावाने जावे.

२०२४ मध्ये विधानसभेच्या २८८ जागांत माकपला एक आणि शेकापला एक जागा मिळाली. या दोन जागांनी कापसाचा भाव ठरणार नाही. पण गावची संघटना आणि चाकणची समिती एका दिवशी उठली, तर सरकार कोणाचेही असो, त्याला दार उघडावे लागेल. चौथ्या ठरावापासून सुरुवात करा. यादीला पैसा लागत नाही, वही लागते.