पडलेली भिंत कोणाच्या नावावर?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील सांगत आले. बांधलेले घर पुराने पाडल्यावर ते पुन्हा उभे करून पाहावे, हे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. बहुधा तो प्रसंग म्हणीत मावण्यासारखा नसावा.

विमा हा शब्द आज खेड्यात कोणाला नवा नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला, हे पारावरचे शाळकरी पोरही सांगेल. मोटारसायकलीचा विमा पोलीस विचारतात म्हणून काढला जातो. आयुष्याचा विमा घेऊन एजंट घरी येतो, चहा घेतो. पण ज्या घरात बसून तो चहा घेतो, त्या घराचा विमा आहे काय, हा प्रश्न तोही काढत नाही आणि आपणही काढत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर सीनेला आलेला पूर या वार्षिकांकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. लांबोटीजवळ पाणी येऊन सोलापूर-पुणे महामार्गसुद्धा बंद पडला, तेथे आमच्या कच्च्या रस्त्यांची काय कथा! करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून नदीने पिके नेली, जनावरे नेली, शेतातली मातीसुद्धा नेली. वर्तमानपत्रांतून पिकांविषयी पुष्कळ लिहून आले आणि ते योग्यच झाले. घरांविषयी त्यामानाने थोडे आले. ७ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हाही आमच्या गावातला पहिला प्रश्न 'हेक्टरी किती?' हाच होता. ज्याला हेक्टर नाही, घर तेवढे आहे, त्याने काय विचारावे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतले सारे अर्ज माझ्याकडे येतात. दिवाळीच्या सुटीत मी अभ्यासापेक्षा अर्जच जास्त लिहिले. ते लिहिता लिहिता जे निकष वाचावे लागले, त्यांची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असेल असे वाटते. या पुराला लागू असलेल्या केंद्राच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या किंवा फार मोठे नुकसान झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. अंशतः पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. तेही पडझड निदान १५ टक्के असली तर. झोपडीला ८,००० रुपये. जनावरांच्या गोठ्याला ३,००० रुपये. म्हणजे 'पूर्ण' आणि 'अंशतः' या दोन शब्दांमध्ये एक लाखाहून अधिक रुपयांचे अंतर आहे आणि तो शब्द लिहिला जातो पंचनाम्यात.

आता आमच्याकडची घरे पाहा. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. अशी भिंत पाण्यात लगेच पडतेच असे नाही. पाणी ओसरते, ऊन पडते, ओली माती वाळू लागते, भेगा जातात आणि आठ-दहा दिवसांनी एखाद्या रात्री ती बसते. आमच्या शेजारच्या मावशींचे असेच झाले. पंचनामा झाला त्या दिवशी भिंत उभी होती, म्हणून 'अंशतः' असे लिहिले गेले. पुढच्या आठवड्यात मागची सबंध बाजू कोसळली. पुन्हा पंचनामा करा म्हणून अर्ज दिला, तेव्हा दुसरीच अडचण पुढे आली. घर त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे जाऊन चौदा वर्षे झालेली. यजमानही नाहीत. दीर पुण्यात. निकषांत तर स्पष्टच लिहिले आहे की घर अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे. चौदा वर्षे घरपट्टी मावशींनी भरली, भिंती दर वर्षी त्यांनीच लिंपल्या; पण कागद त्यांना ओळखत नाही!

मला या ठिकाणी एक शब्द टोचतो. शासन जे देते त्याला आपण सर्रास 'नुकसानभरपाई' म्हणतो. ती भरपाई नव्हे, ते अनुदान आहे. किती नुकसान झाले याच्याशी त्याचा संबंध बेताचाच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात घराच्या नुकसानीच्या अनुदानाचा उल्लेख आहे खरा. पण पंचनामा पटला नाही म्हणून येथल्या दिवाणी न्यायालयात जाऊ म्हणावे, तर त्याच कायद्याचे ७१ वे कलम आड येते. त्या कायद्याखाली झालेल्या कारवाईबद्दल उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर कोठे दावा चालत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आपला जिल्हा त्यात आला, हे चांगलेच झाले. तरी ६,५०० रुपयांच्या भांडणासाठी सीनाकाठची विधवा कोल्हापूर गाठेल, असे ज्याला वाटते त्याने एकदा एस.टी.चे तिकीट विचारून यावे. तिच्या आवाक्यातले उपाय साधे आहेत. राडारोडा उचलण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, तहसीलदारांकडे फेरपंचनाम्याचा लेखी अर्ज देऊन पोच घेणे आणि दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने पंचनाम्याची नक्कल मागणे. उपाय साधे खरे, पण ते पूर येण्याआधी ठाऊक हवेत.

कागदाचे हे राज्य आजचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली. ती याच दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली, हे आमच्या घरी आजही सांगतात. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. हे काम मोठेच होते, त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु नवे घर केवढे द्यायचे हे कशावरून ठरले? जमिनीवरून! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ४००, आणि मोठ्या खातेदाराला ७५०. भूकंपाने भिंती पाडताना सातबारा पाहिला नव्हता. भिंती उभ्या करताना मात्र तो पाहिला गेला.

मग विम्याचे काय? १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची विमा पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकाच मसुद्याची ठेवावी, असे विमा नियामकांनी ठरवून दिले आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, वीज, दरड हे सारे तीत येते. घराची रक्कम बाजारभावाने नव्हे, तर पुन्हा बांधायला किती लागेल यावर धरतात. घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचे संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी वेगळे सांगावे लागते. भाडेकरूलाही आपल्या सामानापुरता विमा घेता येतो, हे शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. पूर्वी घराची रक्कम कमी लिहिली असली की दावाही त्या प्रमाणात कापला जाई, या पॉलिसीत तसे कापत नाहीत. हप्ता म्हणाल तर साध्या घराला पुष्कळदा मोटारसायकलीच्या विम्याहून कमी पडतो. हप्ताच लहान, मग एजंटाचे कमिशन ते किती असणार? चहाच्या वेळी हा विषय का निघत नाही, याचे उत्तर मला तरी येथे दिसते.

सोलापूरकरांसाठी येथे एक सूचना. पूर्व भागात पुष्कळ ठिकाणी खाली माग आणि वर बिऱ्हाड असते. गृह रक्षा ही राहत्या घराची पॉलिसी आहे. माग, सूत आणि तयार माल यांच्यासाठी लघुउद्योगाची निराळी पॉलिसी लागते. एकच कागद करून निर्धास्त राहू नये.

विमा कंपनीने दावा नाकारला तर मात्र वाट कोल्हापूरइतकी लांब नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोग तर सोलापुरातच आहे. २०१९ च्या कायद्याने राहत्या ठिकाणीच तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

आमचे काही प्राध्यापक म्हणतील की नागरिकाचे घर सावरणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ते विमा कंपनीच्या गळ्यात का घालता? हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. अनुदान चालू राहावे, वाढावे. परंतु १ लाख २० हजारांत घर उभे राहत नाही, हे गवंड्याला विचारले तरी कळेल. बाहेरच्या देशांनी दोन्ही एकत्र आणले आहे. १९९९ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानने घरांना भूकंपविमा सक्तीचा केला. न्यूझीलंडमध्ये घराच्या खाजगी विम्याबरोबरच सरकारी आपत्ती निधीची पट्टी वसूल होते आणि ही पद्धत १९४० च्या दशकापासून चालत आली आहे. आपल्याकडे घरपट्टी तर ग्रामपंचायत घेतेच. त्याच पावतीवर थोडे रुपये अधिक घेऊन सबंध गावाचा सामुदायिक गृहविमा का काढू नये? पिकासाठी शासन हप्त्याचा भार उचलते, मग घरासाठी का नाही? माळवदाच्या घराला कंपन्या सहजी विमा देणार नाहीत, हे मी जाणते; म्हणूनच हे एकेकट्याने नव्हे, गावाने मिळून मागायला हवे.

आणि तरीही मावशींचा प्रश्न उरतोच, कारण विम्याचा कागदही घर कोणाचे हे विचारणारच. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. पण पत्रिकेवर मयत सासऱ्यांचेच नाव आले तर काय उपयोग? विधवा सुनेला कायद्याने वारसा आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि एक अर्ज, एवढ्याने ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर नोंदीचे काम सुरू होते. तो मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, तरी पंचनाम्याच्या वेळी तोच विचारतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी सात दिवस गाव झाडतो आणि परत येतो. येत्या वर्षीचे शिबिर सीनाकाठच्या गावात घ्यावे आणि त्यातले चार दिवस झाडू बाजूला ठेवून, घरोघर नमुना ८ पाहून, मयताच्या नावावर असलेल्या घरांची यादी करावी व वारसनोंदीचे अर्ज लिहून द्यावेत, अशी मी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना या लेखातून विनंती करते. अर्जाचा नमुना माझ्याजवळ तयार आहे. मावशींचा अर्ज मी त्यावरूनच नोव्हेंबरात दिला. दिरांची सही पुण्याहून यायची आहे.