कंदील पेटलेला होता का?

पडद्यावरचं शेवटचं चित्र गेलं आणि गच्चीवर कुणीच बोललं नाही. दोरीला बांधलेली पांढरी चादर वाऱ्यानं हलत होती. थोड्या वेळानं जिन्याजवळून आवाज आला, "संपला?"

दसरा होऊन गेला होता. कापसाची पहिली वेचणी चालू होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या गेवराईतून अजून हलायच्या होत्या. गल्लीतली माणसं गावात सापडण्याचे हेच दिवस. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप लागतं. म्हणून मी प्रोजेक्टर मागून आणला आणि चौदा जणांना गच्चीवर बोलावलं. त्यांत शेजारचे निवृत्त गुरुजी, कोपऱ्यावरचे शिंपीकाका, किराणा दुकानवाले शेठ, मोबाइलवर शॉर्ट फिल्म करणारी कॉलेजची दोन पोरं, माझी आई, आणि दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला, कोयत्यावर जाणारी समोरच्या घरातली मावशी. मावशीची सहावीतली मुलगीही आली होती.

दाखवला तो 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला, पाव तासाच्या आसपासचा कृष्णधवल लघुपट. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचा 'सुवर्ण अस्वल' पुरस्कार त्याला मिळाला. त्यात गोष्ट नाही आणि संवादही नाहीत. राजस्थानातली वाळू, गडाच्या भिंती, माणसं, गाय, आणि मध्येच, कसलंही कारण न देता, एक छत्री, एक कंदील, एक जोडा. मध्ये मध्ये हुसेन यांची रेखाटनं. सोबत विजय राघव राव यांचं संगीत. आधी यातलं काहीही मी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणालो होतो, "पंधरा-सोळा मिनिटांचं आहे, बघा."

"संपला?"च्या मागोमाग कॉलेजच्या पोरानं विचारलं, "दादा, पण यात मेसेज काय होता?"

हा प्रश्न मी गेली काही वर्षं जिथं तिथं ऐकतो आहे. आपल्याकडे शॉर्ट फिल्म म्हटलं की शेवटच्या अर्ध्या मिनिटात काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक वाक्य यायलाच हवं. मुलगी वाचवा, हुंडा घेऊ नका, शेतकरी दादा खचू नको. स्पर्धांच्या पत्रकांत विषय आधीच छापलेले असतात, परीक्षकही संदेशाचे गुण देतात. त्या पोराचा यात दोष नाही. त्याला शिकवलंच असं की लघुपट म्हणजे शेवटी काहीतरी सांगणारी वस्तू.

या सवयीचं मूळ फार मागे जातं. गुरुजींच्या पिढीला विचारा. त्यांच्यासाठी लघुपट म्हणजे मुख्य पिक्चरच्या आधी लागणारी सरकारी रिळं. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली आणि तिचे वार्तापट, माहितीपट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं झालं. धरण, लसीकरण, कुटुंब नियोजन. गुरुजी सांगत होते की तेवढ्या वेळात ते आणि त्यांचे मित्र बाहेर चहा घेऊन यायचे. ज्या खात्याच्या उपदेशाला प्रेक्षक असा कंटाळला होता, त्याच खात्यानं एका चित्रकाराच्या हाती कॅमेरा दिला आणि त्याच्याकडून संदेश मागितला नाही, ही मला आपल्या चित्रपटाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. त्या काळात तिथं प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री ही माणसं सरकारी पगारावर असले धाडसी प्रयोग करत होती.

गच्चीवरची मतं मी वहीत लिहून घेतली. त्यातली काही इथं देतो.

शेठ म्हणाले, "राजस्थानची जाहिरात वाटली. पण जाहिरातीत हॉटेल दाखवतात, यानं छत्री दाखवली." थोडं थांबून त्यांनी खरं ते सांगून टाकलं, "मला कंटाळा आला." मी विचारलं, कुठून कंटाळा यायला लागला? ते म्हणाले, "छत्री परत आली ना, तिथून. पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं, आता हिचं काहीतरी होणार. परत आली आणि काहीच झालं नाही." मला हे मत फार मोलाचं वाटतं. एकच वस्तू पुन्हापुन्हा आणायची आणि तिचं काहीही होऊ द्यायचं नाही, यावरच हुसेन यांनी सगळा डाव लावला आहे. शेठजींच्या बाबतीत तो फसला, आणि नेमका कुठं फसला ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एवढं स्पष्ट परीक्षण छापून येतंच असं नाही.

शिंपीकाका म्हणाले, "मी आपला घागऱ्याचा घेर मोजत होतो. एकेकीला किती वार कापड लागलं असेल."

माझी आई म्हणाली, "कुणी बोलत नव्हतं ते बरं वाटलं."

गुरुजींचं मत मला पटलं नाही. ते म्हणाले, "चांगलं असेल, पण आपल्या लोकांपुढे हे लावण्यात अर्थ नाही. त्यांना काय कळणार?" गुरुजींचा मी आदर करतो, त्यांनीच मला वाचायला लावलं. पण 'आपल्या लोकांना काय कळणार' हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलेलं आहे आणि दोन्हीकडून ते सारखंच लागतं. एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात मी एकदा प्रयोगपटानंतर उठून विचारलं होतं की ती बाई पाण्याकडे एवढा वेळ का बघत बसते. उत्तर देणाऱ्यानं आधी मला गाव विचारलं. मी गेवराई म्हणालो. मग सभागृहाकडे वळून तो म्हणाला की ज्यांना गोष्टच हवी असते त्यांच्यासाठी हा चित्रपट नाही. मी गोष्ट मागितली नव्हती. त्या बाईचं बघणं मला आवडलं होतं, म्हणून विचारलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी कुठल्याही चर्चेत तोंड उघडलं नाही.

असं एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी मत विचारलं की "आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून मोकळा होतो. आपण त्याला साधा समजतो. तो स्वतःला वाचवत असतो.

त्या रात्री मावशीचंही तेच झालं. मी विचारल्यावर तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "मला काय कळतंय, दादा." पण चित्रपट चालू असताना ती मुलीच्या कानात काहीतरी बोलली होती, ते मी अर्धवट ऐकलं होतं. मी म्हणालो, कळलं ते सांगू नका, दिसलं ते सांगा. मग ती म्हणाली, "त्या जोड्याचा मालक कुठं गेला आसंल? आमी फडावरची कोपी मोडून निघालो ना, की मागं आसंच कायतरी ऱ्हातं. एका पायातली चप्पल, नाहीतर चेपलेली वाटी. माणूस नसतंय तिथं. पण कुणीतरी राहून गेलंय, हे दिसतंय."

गच्चीवर परत शांतता झाली. मघाशी कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं, आता सगळे तिनं सांगितलेली कोपी, ती मोडलेली झोपडी, बघत होते. मेसेज विचारणारा पोरगा मोबाइल खिशात ठेवून तिच्याकडे वळून बसला.

हुसेन यांच्या मनात राजस्थानात तो जोडा ठेवताना काय होतं, ते मावशीला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण दर सहा महिन्यांनी घर उचलून कारखान्याच्या हद्दीत मांडणाऱ्या आणि परत मोडणाऱ्या बाईला बेवारस जोडा जसा दिसेल, तसा तो मुंबईच्या कलादालनात दिसणार नाही. मी हा लघुपट याआधी पाच-सहा वेळा पाहिला आहे. त्या जोड्यात मला नेहमी आकार दिसला, वाळूवरची सावली दिसली. मालक आठवला नव्हता.

आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवातच अशा एका प्रयोगाच्या प्रेक्षकापासून झाली, हे आपण विसरतो. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला. हातात यंत्र होतं, पण चित्रपट काढायला भांडवल नव्हतं. कुणी विश्वास ठेवत नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ दिवसागणिक थोडं थोडं चित्रण करत राहिले. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो, सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ'. हे त्यांनी यशवंतराव नाडकर्णी यांना दाखवलं, आणि नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. तिथून पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. वाटाण्याच्या वेलात नट नाही, गोष्ट नाही, बोध नाही. नाडकर्णींनी वाढ पाहिली आणि ती त्यांना पुरेशी वाटली. पेरणीनंतर रोज सकाळी बांधावर जाऊन उगवण किती झाली ते बघणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला तो तुकडा समजावून सांगावा लागेल, असं मला वाटत नाही.

मतं वहीत का लिहून घेतो, तेही सांगतो. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नावाचा सहाएक मिनिटांचा प्रयोगपट केला होता. त्याची एकच प्रत होती. ती दिल्लीतल्या प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. पुढे २०१६ साली अशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन त्याच नावाचा चित्रपट केला आणि आठवणींच्या आधारे तो हरवलेला तुकडा पुन्हा उभा करून पाहिला. कुणा प्रेक्षकाच्या वहीत त्या रात्रीच्या चार ओळी असत्या तर केवढं काम झालं असतं, असं मला ते वाचल्यापासून वाटत आलं आहे. मोठ्या चित्रपटावर हजार लोक लिहितात. असल्या छोट्या कामाचा साक्षीदार म्हणजे समोर बसलेली दहा-पंधरा माणसं.

माझी कॉलेजच्या पोरांना, शिक्षकांना, गणेश मंडळांना विनंती आहे. महिन्यातून एकदा असं काहीतरी पंधरा मिनिटांचं लावा आणि नंतर अर्धा तास बसा. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली, पण तिचे कित्येक जुने लघुपट यूट्यूबवर फुकट बघता येतात. पुढच्या वेळी मला पायल कपाडिया यांचा 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' मिळवायचा आहे. तो भीमाशंकरच्या जंगलाजवळच्या गावात केलेला आहे. मध शोधणारा माणूस झाडांच्या शेंड्यांकडे बघत असतो आणि गावातल्या बाया दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. हरवलेल्या प्रेमाबद्दल त्या हळू आवाजात बोलतात, मराठीत. २०१८ मध्ये तो बर्लिनला दाखवला गेला. गेवराईत तो पाहिलेलं माझ्या ओळखीचं कुणी नाही. तो मावशीला दाखवायचा, तर ती टोळीबरोबर जायच्या आत, नाहीतर ती परत आल्यावर, उन्हाळ्यात.

त्या रात्री शेवटी गुरुजी आणि मावशीची मुलगी यांच्यात वाद लागला. ती म्हणाली कंदील विझलेला होता, गुरुजी म्हणाले पेटलेला होता. शेठ म्हणाले, आपण तर कंदिलाकडे लक्षच दिलं नाही. शिंपीकाका मुलीच्या बाजूनं गेले, आई गुरुजींच्या. मघाशी आपल्या लोकांपुढे हे लावण्यात अर्थ नाही म्हणणारे गुरुजी खुर्ची उचलून पडद्याच्या आणखी जवळ आले आणि मला म्हणाले, "लाव परत. पहिल्यापासून."

साडेदहा वाजून गेले होते. कुणी खाली उतरलं नाही. मी पुन्हा लावला.